तिसरा रकाना

सोमवार, ४ तारीख

ताई,

मायन्यात पुढे काय लिहायचं ते चार वर्षांत विसरले, म्हणून नुसतं ताईच. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मी बोलायला लागले की माझा आवाज कामावरचा होतो, हे तूच मला एकदा सुनावलं होतंस. म्हणून पत्र. टपालाने पाठवत नाही, कामावरून परतताना वाट वाकडी करून तुझ्या इमारतीखालच्या पेटीत टाकते. वर येणार नाही, घाबरू नकोस.

एक काम आहे. तुझ्या छोटीच्या वेळी मी तुला एक नोंदतक्ता भरायला दिला होता, पिवळट कागदावरचा, डावीकडे वेळ आणि पुढे रकाने. शेवटच्या दिवशी तू तो घडी घालून पर्समध्ये टाकलास. तू काही म्हणता काही टाकून देत नाहीस, बंद पडलेल्या मिक्सरचं हमीपत्रसुद्धा तुझ्याकडे सापडेल. तेव्हा तो असणारच. मला तो हवाय. कामासाठी. इतकंच.

बाकी माझं बरं चाललंय. सकाळी पावणेआठला आमच्या विशेष मुलांच्या केंद्राचं कुलूप मी उघडते. आठ ते साडेआठ कालचे तक्ते वाचते: कोण किती वेळा किंचाळलं, कोण किती वेळ खुर्चीत बसलं, कोणी कोणाला चावलं. पावणेनऊला गाडी येते आणि मग साडेचारपर्यंत गळ्यात टायमर, मुठीत मोजणीयंत्र. अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे. सुटीच्या दिवशीही अंगठा हलत असतो. भावोजी म्हणायचे तसं, जगात दोन प्रकारची माणसं, एक जगणारी आणि एक मोजणारी.

सध्या एका मुलीची केस हातात आहे. एकोणीस वर्षांची, बोलत नाही. भेटेल त्याच्या शर्टाचं सगळ्यात वरचं बटण बोटाने दाबते, हेच तिचं ‘कसे आहात’. म्हणून सगळे तिला बटणच म्हणतात. दोन महिन्यांपासून ती स्वतःच्या गालावर मारून घेते. मारलं की कोणीतरी कळवळून बर्फाचा तुकडा देतं, तो गालात धरून ती शांत बसते. म्हणजे सरळ आहे. मारलं की बर्फ मिळतो, म्हणून मारते. गेल्या बुधवारपासून मी बर्फ बंद केलाय. मारलं तर बघायचंसुद्धा नाही. न मारता दहा मिनिटं काम केलं तरच बर्फ.

शुक्रवारी एक्केचाळीस होते, आज अठ्ठावन्न. पहिल्यांदा वाढतंच. नळाला पाणी आलं नाही की माणूस आधी नळ जास्तच पिळतो, मग सोडतो. आम्ही त्याला भडका म्हणतो. तुला हे ठाऊक आहे, मी तुला सांगितलं होतं.

तक्ता पेटीत ठेवलास तर मी घेऊन जाईन.

तुझी धाकटी


बुधवार, ६ तारीख

ताई,

पेटीत माझं पत्र नव्हतं, म्हणजे तू काढून घेतलंस. वाचलंस की फाडलंस ते पेटीवरून कळत नाही. तक्ताही नव्हता.

आज सत्त्याहत्तर. आणि आज माझं गाडीकाकांशी वाजलं.

गाडीकाका म्हणजे आमच्या गाडीचे चालक. सकाळी मुलांना आणतात, संध्याकाळी सोडतात. मधले सहा तास रिकामे, म्हणून केंद्राने त्यांना मोजायला शिकवलं. परीक्षाही पास झाले, साठीला टेकलेला माणूस. आमच्याकडे रीत अशी की महत्त्वाच्या केसला दोघांनी मोजायचं. एकाच खोलीत, एकाच वेळी, पण एकमेकांच्या कागदाकडे न बघता. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. शंभरात ऐंशी तरी जुळलं पाहिजे, नाहीतर मोजणी कचऱ्यात. माझी आणि गाडीकाकांची मोजणी चोपन्न टक्के जुळली.

मी म्हटलं, “काका, व्याख्या वाचलीत का? तळहात किंवा मूठ गालावर आपटून आवाज आला, तर एक. तुम्ही नुसता हात टेकवलेलाही मोजलाय.”

“मोजलाय. पण वेगळ्या रकान्यात मोजलाय. बघा ना.”

“दुसरा रकाना मी दिलाच नव्हता.”

“मीच आखला, मॅडम. ती आधी गाल दाबून धरते. अशी. मग मारते. आवाज नंतर येतो, आधी दुखतं.”

“दुखतं हे तुम्हाला दिसलं? दुखणं दिसत नसतं. दिसतं तेवढंच लिहायचं.”

ते टोपी उचलत म्हणाले, “आरशात पण दिसतं मला. गाडीत तिच्या उजव्या हातात पिशवी असली की ती डाव्या हाताने मारते. पण मारते उजव्याच गालावर.”

मी त्यांना नवा कोरा तक्ता दिला, एकाच रकान्याचा.

तू हे वाचत असशील तर आत्ता तुझ्या चेहऱ्यावर काय असेल ते मला माहीत आहे. तो चेहरा करू नकोस. छोटीची गोष्ट वेगळी होती. त्या मुलीचं वैद्यकीय कारण तपासलेलं आहे, योजनेच्या अर्जावर मी स्वतः खूण केली आहे.

तक्ता दे ना, ताई.

धाकटी


शुक्रवार, ८ तारीख

ताई,

एकशे तीन.

शंभरावर गेलं की केंद्राचा नियम लागू होतो. लागोपाठ तीन दिवस शंभरावर राहिलं की बैठक, आणि बैठकीत ठरतं की मूल इथे राहणार की निवासी संस्थेत जाणार. ती संस्था मी पाहिली आहे. गावाबाहेर, स्वच्छ, फरशी चकचकीत, आणि खोल्यांच्या कड्या बाहेरच्या बाजूने. तिथे मुलांच्या हातांना जाड मोजे बांधतात. महिन्यातून एकदा आईला भेटू देतात. तिथून परत आलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

सोमवारी आणि मंगळवारी आकडा खाली आला नाही तर पंधरा तारखेला, शुक्रवारी, बैठक. आमच्या केंद्रप्रमुख सरांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने वर्तुळ काढून ठेवलंय. पेन्सिलीने काढलंय हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, जणू उपकारच.

संध्याकाळी बटणची आई आली होती. कपड्यांच्या मोठ्या धुलाईत इस्त्रीवर काम करते, हातांवर जुने चटके आहेत. मी तिला आलेख दाखवला, रेघ वर चढलेली. तिने विचारलं, “वर जाणं चांगलं असतं का?” मी सांगितलं की सुरुवातीला असतं. तिने मान डोलावली. मग म्हणाली, “घरी पण तुम्ही सांगितलं तसंच करते. फ्रिजला कुलूप लावलंय. ती फ्रिजसमोर बसून राहते.”

हे ऐकताना माझा अंगठा मोजणीयंत्रावर होता, पण काय मोजू ते कळेना.

आज एक गोष्ट पाहिली. पावणेअकराच्या सुटीत एक मदतनीस चहा पीत होती. बटणने तिच्या कपाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखी मागे सरली. बटण चहा पीत असे, ताई. दोन महिन्यांपूर्वी तिच्या आवडींची यादी मीच केली होती, त्यात चहा दुसऱ्या नंबरवर आहे.

आणि तपासलेल्या त्या वैद्यकीय कारणाबद्दल. तपासणी सहा महिन्यांपूर्वीची आहे. वजन, उंची, रक्त. तोंड उघडून कोणी पाहिलं नव्हतं, कारण ती उघडू देत नाही. तरी मी खूण केली. अर्ज अडून राहू नये म्हणून.

सोमवारी सरांशी बोलते.

धाकटी


सोमवार, ११ तारीख

ताई,

एकशे अठरा. नववा दिवस.

आता तक्ता कशाला हवा ते सांगते, कारण लपवून काही मिळत नाही हे कळलंय.

सकाळी मी सरांकडे गेले. म्हटलं, योजना थांबवू या, बर्फ देऊ या, आणि तिला भूल देऊन दातांच्या डॉक्टरांना दाखवू या. भूल द्यायची तर माझं आणि सरांचं दोघांचं लेखी पत्र लागतं.

सर म्हणाले, “भडक्याच्या ऐन मध्यावर थांबायचं? मग ती काय शिकेल? एकशे अठरा वेळा मारलं की बर्फ मिळतो, हे शिकेल. हे मला तुम्हीच शिकवलंत.”

“गाडीकाकांची मोजणी वेगळं सांगते आहे.”

“चोपन्न टक्के? ती मोजणी नाही, तो त्यांचा स्वभाव आहे. त्यांना काढा.” मग त्यांनी कपाटातून प्रशिक्षणाची निळी फाइल काढली. “बघा, तुमचीच केस. एका साध्या गृहिणीला तुम्ही मोजायला बसवलंत, स्वतःच्या पोरीचं रडणं मोजायला, आणि एक्क्याण्णव टक्के जुळलं. दर वर्षी मी नवीन मुलांना हे पान दाखवतो. आईचं जुळतं, मग गाडीवाल्याचं का जुळू नये?”

ती साधी गृहिणी तू आहेस, ताई. त्यांना माहीत नाही. नात्यातल्या माणसाची केस घ्यायची नाही हा आमचा पहिला नियम, म्हणून मी फाइलमध्ये फक्त ‘आई’ लिहिलं आणि आडनाव भावोजींचं असल्यामुळे खपून गेलं. तू माझ्याकडे आली नव्हतीस, मीच म्हटलं होतं, माझ्याकडे आण, रडली तरी बघायचं नाही, आठवड्यात रडणं थांबवते. तेव्हा नुकतं प्रमाणपत्र मिळालं होतं आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

आणि ते एक्क्याण्णव.

ते खोटं आहे. मी तुझा कागद माझ्या कागदाशेजारी ठेवलाच नाही. वरवर पाहिला, तू भलतंच काहीतरी मोजलंयस असं दिसलं, आणि मी तुला म्हटलं, “हे उपयोगाचं नाही, ताई, तू आईसारखं मोजतेस.” तू घडी घातलीस. मी फाइलमध्ये एक्क्याण्णव लिहिलं. नव्वद लिहिलं असतं तर बनावट वाटलं असतं, म्हणून एक्क्याण्णव. दुसऱ्या दिवशी, योजनेच्या अकराव्या दिवशी, छोटीच्या कानाचा पडदा फुटला.

आणि घरात सगळ्यांसमोर मी म्हणाले की मोजणी दोघींची जुळली होती, तेव्हा कळणं शक्यच नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि काही बोलली नाहीस. त्यानंतर आजतागायत बोलली नाहीस.

आता ते खोटं पान कपाटात बसून दुसऱ्या मुलीला संस्थेत पाठवायला निघालंय. ते खोटं आहे हे मी नुसतं म्हणून चालणार नाही. सर म्हणतील, केस वाचवायला बाई काहीही बोलते. तुझा कागद समोर ठेवला तरच. तो ठेवला की माझं प्रमाणपत्र जाईल बहुतेक, ते मी गृहीत धरलंय. गृहीत धरलंय असं लिहिणं सोपं आहे.

उद्या दहावा दिवस आहे, ताई.

धाकटी


मंगळवार, १२ तारीख

ताई,

पाकीट मिळालं.

दुपारी तक्ते लावत होते तेव्हा गाडीकाकांनी आणून दिलं. म्हणाले, “एक बाई फाटकापाशी देऊन गेल्या. तुमच्यासारख्या चालतात. सोबत मुलगी होती, पाच-सहा वर्षांची, गोड. मी तिला नाव विचारलं तर तिने मान वळवून उजवा कान पुढे केला आणि म्हणाली, परत सांगा.” मग जाता जाता म्हणाले, “मी परत विचारलं, मॅडम. मोठ्याने नाही, हळूच. तिने सांगितलं.”

पाकिटात चिठ्ठी नव्हती. अपेक्षाही नव्हती. मी दार लावून कागद उलगडला. घडीवर विरलाय, पण तुझं अक्षर जसंच्या तसं, पेन्सिल टोकदार.

पहिला रकाना मी आखून दिलेला, ‘रडणे’. त्यात तुझ्या सव्वीस खुणा. माझ्या त्या दिवशीच्या कागदावर सत्तावीस आहेत, मी आज फाइलमधून काढून पाहिल्या. सव्वीस आणि सत्तावीस. मी ठेवून बघितलं असतं ना, तर आपलं शहाण्णव टक्के जुळलं असतं, खोटं लिहायची गरजच नव्हती. तू अगदी बरोबर मोजलं होतंस. ज्यात काही शहाणपण नव्हतं तेवढं आपलं जुळत होतं.

दुसरा रकाना तू पट्टी न वापरता आखलेला, वर लिहिलंय ‘कान’. प्रत्येक रडण्याच्या आधी एक खूण, कधी एक मिनिट आधी, कधी दोन. तिने आधी कान दाबला, मग रडली. सव्वीसपैकी चोवीस वेळा. हे वाचायला प्रमाणपत्र लागत नाही. गाडीकाकांच्या कागदाशेजारी ठेवला तर वाटेल एकाच माणसाने भरलाय.

आणि तिसरा रकाना. त्याला वर नावच नाही. चौदा खुणा, सगळ्या ‘कान’च्या खुणेनंतर लगेच. मी बराच वेळ बघत बसले. आधी वाटलं छोटीने मान हलवली असेल, पाय झाडले असतील. मग कागद उलटा केला. मी तुला शिकवलं होतं ना, जे मोजायचं त्याची व्याख्या एका वाक्यात आधी लिहून ठेव, म्हणजे मोजताना मन फिरत नाही. तू लिहून ठेवली होतीस.

‘व्याख्या: मी सांगायला तोंड उघडलं आणि धाकटीने माझ्याकडे न बघता हात वर केला.’

खाली लिहिलंयस, एकूण चौदा.

तू मला मोजत होतीस, ताई. माझ्याच पद्धतीने, माझ्याच कागदावर, हू की चू न करता. मोजणाऱ्याने बोलायचं नाही हा नियम मी तुला घातला होता आणि तू पाळलास, फक्त चौदा वेळा मोडायला गेलीस. मला तो हात आठवतही नाही. मला खरंच आठवत नाही, हेच मला सोसवत नाहीये.

आज एकशे एकवीस. तिसरा दिवस शंभरावर. सरांनी वर्तुळ शाईने गिरवलं.

धाकटी


शुक्रवार, १५ तारीख

ताई,

क्रमाने सांगते, नाहीतर मी मधलंच काहीतरी गाळेन. ती माझी सवय तुला आता माहीत आहे.

बुधवारी, अकराव्या दिवशी, पावणेअकराला बटण टेबलाशी बसली आणि तिने गाल दाबून धरला. आवाज नव्हता, म्हणजे माझ्या व्याख्येप्रमाणे काहीच घडलं नव्हतं. मी उठले, स्वयंपाकघरातून वाटीत बर्फ आणला आणि तिच्यासमोर ठेवला. काम नाही, दहा मिनिटं नाही, काही नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं. फसवतेय का, असं बघितलं. मग तुकडा गालात धरला आणि डोळे मिटले. मदतनिसांनी माना फिरवल्या, कोणाला कुठे बघावं कळेना. गाडीकाका कोपऱ्यात तक्ता भरत होते, ते लिहायचे थांबले नाहीत.

त्या तासात आवाज दोन. आदल्या दिवशी त्याच तासात एकतीस होते.

सरांनी बोलावलं. परवानगीशिवाय योजना मोडली म्हणून बटणची केस त्याच दुपारी माझ्याकडून काढून घेतली, पण बैठकीला यायला सांगितलं. बहुधा मी मान खाली घालून बसावं म्हणून.

आज अकरा वाजता बैठक झाली. सर, संस्थेची प्रतिनिधी, बटणची आई, गाडीकाका आणि मी. प्रतिनिधीने जागा रिकामी असल्याचं सांगितलं, सोमवारपासून. सरांनी निळी फाइल उघडून ठेवली होतीच, एक्क्याण्णव टक्क्यांच्या पानावर. मी तुझा कागद त्या पानावर ठेवला.

मी म्हटलं, “हा आकडा मी बनवला. ही आई माझी सख्खी बहीण आहे, आणि हा तिचा खरा कागद. तिने त्या दिवशी दुखणं मोजलं होतं, मी ते टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या भाचीच्या कानाचा पडदा फुटला. तिला डाव्या कानाने आता ऐकू येत नाही.”

सर म्हणाले, “तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?”

“कळतंय. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाला मी काल लेखी कळवलंय.” मग गाडीकाकांचा पहिला तक्ता तुझ्या कागदाशेजारी ठेवला, तो दोन रकान्यांचा, जो मी बाद केला होता. “आता हे दोन शेजारी बघा.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कागद उलटा करून मागची व्याख्या वाचली. मोठ्याने वाचली, ताई, तुझं वाक्य, सगळ्यांसमोर. ‘धाकटीने’ म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला. मला वाटलं होतं मी तिथे मरेन. मेले नाही, माझे कान लाल झाले फक्त.

बटणची आई माझ्याकडे बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मी फ्रिजला कुलूप लावलं. माझी पोरगी औषध मागत होती आणि मी कुलूप लावलं. तुम्ही सांगितलं म्हणून.” एवढंच बोलली. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि तिने हात वर केला.

तिचा हक्कच होता.

संस्थेत पाठवणं महिनाभर पुढे ढकललं. डॉक्टरांचं पत्र तिथेच सरांनी लिहिलं, सही केली, माझी सही मात्र घेतली नाही, माझंच काम करणाऱ्या दुसऱ्या विश्लेषकाची घेतली. मला सोमवारपासून घरी बसायचंय, चौकशी संपेपर्यंत. किल्ल्या दिल्या. टायमर आणि मोजणीयंत्रही टेबलावर ठेवलं. अंगठा रिकामा वाटतोय.

डॉक्टरांना काही सापडलं नाही तर? हा विचार दुपारपासून डोकं खातोय. मी सगळं उधळून बसले आणि तिच्या तोंडात काहीच निघालं नाही, तर तिला जावंच लागेल. माझं गेलेलं गेलं, त्याचं मला फारसं नाही. सोमवारी सकाळी नऊला तिला भूल देणार आहेत.

धाकटी


गुरुवार, २१ तारीख

ताई,

उजवीकडची, खालची, शेवटून दुसरी दाढ. वरून धड दिसत होती आणि मुळाशी पू. डॉक्टर तिच्या आईला म्हणाले की अशा दुखण्याला गरम सोसत नाही, थंडानेच जरा बरं वाटतं. बर्फ हाच तिचा डॉक्टर होता. दोन महिने ती हाताला येईल ते करून एकच गोष्ट सांगत होती आणि मी तिला त्यापासून सोडवायला निघाले होते. दाढ काढली. ती आता संस्थेत जाणार नाही, सरांनी तसं लेखी दिलंय.

हे मला गाडीकाकांनी सांगितलं. काल संध्याकाळी गाडी लावून ते घरी आले, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून धापा टाकत. पाणी प्यायले आणि खिशातून कागद काढला. म्हणाले, “दाखवायला परवानगी नाही, मॅडम, म्हणून दाखवत नाही. वाचून सांगतो. आवाज शून्य. हात तीन.”

मी म्हटलं, “तीन?”

“टाके आहेत ना. दुखणारच थोडं.” मग घडी घालता घालता म्हणाले, “सकाळी गाडीत चढली आणि माझं बटण दाबलं. मागच्या दोन महिन्यांत दाबलं नव्हतं. ते कोणी मोजलंच नव्हतं.”

ते गेल्यावर मी रडले. इतकी की शेजारचीने दार वाजवलं. तुला सांगते आहे, कारण चार वर्षांपूर्वी मी रडले नव्हते, आणि तू ते बघितलं होतंस.

मंडळाचं पत्र अजून आलेलं नाही. येईल. प्रमाणपत्र राहिलं तर कामावर जाईन, नाही राहिलं तर दुसरं काही करीन, अजून ठरवलं नाही. तुझा कागद सरांनी ठेवून घ्यायला मागितला, त्या निळ्या फाइलमध्ये, एक्क्याण्णवाच्या जागी. मी म्हटलं, तो माझा नाही, विचारून सांगते. तू नाही म्हणालीस तर परत आणून देईन.

मला क्षमा कर असं लिहिणार होते. चारदा लिहून खोडलं. ते मागणं म्हणजे परत माझंच काहीतरी तुझ्या पुढ्यात टाकणं झालं. तू चौदा वेळा काहीतरी सांगायला आली होतीस, त्यातलं मी एकही ऐकलेलं नाही, आणि मला ते ऐकायचं आहे.

उद्या पाच वाजता मी तुझ्या इमारतीखाली येईन. या वेळी पेटीत टाकायला काही नसेल. दहा मिनिटं थांबेन. खाली ये असं म्हणत नाही. आलीस तर बोल. चौदा वेळचं एकदम बोल, लागेल तितका वेळ बोल. माझे दोन्ही हात खाली असतील.

आणि छोटी सोबत असली, तर मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहीन.

तुझी धाकटी